जुन्या गाडीची पहिली रेग्युलॅरिटी रॅली: सेकंद कसे सांभाळायचे

जुनी गाडी घेऊन मोटरस्पोर्टमध्ये उतरायचं कुणी म्हटलं, की मी रेग्युलॅरिटी रॅलीचंच नाव घेतो. इथे आधी पोचणारा जिंकत नाही. आयोजकांनी ठरवून दिलेला सरासरी वेग जो शेवटपर्यंत धरून ठेवतो, तो जिंकतो. लवकर गेलात तरी दंड, उशिरा गेलात तरी दंड, आणि वेळ नोंदवणारा माणूस रस्त्यात कुठे बसलाय हे आधी कळत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीला हा खेळ मानवतो, कारण तो तिच्याकडून ताकद मागत नाही, सातत्य मागतो.

याला दुय्यम खेळ समजू नका. १८९४ साली पॅरिस ते रुआं ही पहिली मोठी मोटार स्पर्धा झाली. तिथे सगळ्यांत आधी पोचले ते काउंट द दिओं, वाफेच्या गाडीतून. तरी पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार-लव्हासोर यांना विभागून मिळालं. गाडी सुरक्षित, हाताळायला सोपी आणि चालवायला स्वस्त असावी अशी अट होती, आणि दिओंच्या गाडीला भट्टीत इंधन टाकायला वेगळा माणूस लागत होता. इटलीची मिले मिलिया १९२७ पासून उघड्या रस्त्यावरची वेगाची शर्यत होती. १९५७ च्या अपघातात दोन स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक दगावले आणि ती शर्यत संपली. १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती रेग्युलॅरिटी म्हणून. आज त्याच काळातल्या मोलाच्या गाड्या तिथे सेकंदाच्या अंशांसाठी झगडतात, आणि मला ते वेगाच्या शर्यतीइतकंच थरारक वाटतं.

माझी गाडी १९५८ ची मॉरिस मायनर. ९४८ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पहिल्या गेअरला सिंक्रो (गेअर बसताना दातांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही. शेजारी नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे रस्ता आणि वेळ सांगायला, मुलगी बसते. पुढचं सगळं याच गाडीच्या अनुभवातून आलंय, पण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडेल.

तयारी ब्रेक आणि टायरपासून करा, इंजिनापासून नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरतो. घाटात ड्रम तापले आणि ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. जुन्या गाडीत ब्रेकचं सर्किट बहुधा एकच, त्यामुळे मागे आधाराला हँडब्रेकशिवाय काही नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी फिरली नसली तरी. टायरचंही तसंच. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका; बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. रबर कडक झालं असेल तर टायर बदला. आणि एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि क्रॉसप्लाय (जुन्या बांधणीचे) टायर कधीही मिसळू नका.

इंजिनात ठिणगी पाडणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लग बघा. माझ्या इंजिनाला पॉइंटची फट ०.०१५ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच लागते. तुमचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. डिकीत याच वस्तूंचा एक सुटा संच, फॅनबेल्ट, रेडिएटरचा होज, फ्यूज, पाणी आणि अग्निशामक. जुना काढलेला पण चालू असलेला कंडेन्सर जपून ठेवा. तो कसाला उतरलेला असतो आणि आणीबाणीत नव्या कोऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता खरं काम: अंतर. आयोजक रोडबुकातलं (रॅलीचा मार्ग सांगणाऱ्या पुस्तिकेतलं) अंतर ज्या गाडीने मोजतात ती तुमची नसते. टायर झिजला, हवा कमी झाली, मूळ मापापेक्षा वेगळा टायर बसवला, की ओडोमीटर, म्हणजे गाडीतला अंतर मोजणारा मीटर, वेगळं सांगतो. बहुतेक रॅलींत सुरुवातीला मोजून दिलेला रस्त्याचा एक पट्टा असतो. त्याआधी काही किलोमीटर चालवून टायर गरम करून घ्या आणि हवा रॅलीच्या दिवशी ठेवणार तेवढीच ठेवा. समजा पट्टा १० किलोमीटरचा आहे आणि तुमचा मीटर ९.८ दाखवतो. १० भागिले ९.८ म्हणजे १.०२०४, हा तुमचा गुणक. मीटर मैलांत असेल तर त्यावरचा आकडा मैलांतच घ्या आणि पट्टा किलोमीटरमध्येच ठेवा, मैल-किलोमीटरचा फरक गुणकात आपोआप येतो.

वेळेचं गणित सोपं आहे. ३६०० ला ताशी किलोमीटरमधल्या वेगाच्या आकड्याने भागा, एका किलोमीटरला किती सेकंद ते मिळतं. ३६ च्या सरासरीला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०, ४८ ला ७५, ५० ला ७२. हे आकडे नॅव्हिगेटरला तोंडपाठ हवेत. ४५ च्या सरासरीने १२.४ किलोमीटर म्हणजे ९९२ सेकंद, अर्थात १६ मिनिटं ३२ सेकंद. वरच्या उदाहरणातला गुणक लावायचा तर तुमच्या मीटरवरच्या एका किलोमीटरला ८० नव्हे, ८१.६ सेकंद द्यायचे. हे केलं नाही तर दर दहा किलोमीटरला १६ सेकंद लवकर पोचाल, आणि मीटर मात्र तुम्ही अगदी वेळेवर आहात असं सांगत राहील. आम्ही प्रत्येक टप्प्याच्या अंतराचा आणि वेळेचा तक्ता आदल्या रात्री कागदावर करतो, आणि गुणक हाती आला की सुरुवातीच्या रेषेवर तो तक्ता दुरुस्त करतो. चालत्या गाडीत गुणाकार करायचा नाही. काही जुन्या ओडोमीटरवर शंभर मीटरचा आकडाच नसतो. नियमात बसत असेल तर स्वीडनच्या हाल्डा कंपनीचा यांत्रिक ट्रिपमास्टर शोधा. त्यातली छोटी दातेरी चक्रं बदलून तो तुमच्या टायरशी जुळवता येतो.

गाडीतलं बोलणं आधी ठरवा. आमच्याकडे फक्त आकडा आणि एक शब्द: “बाबा, तीन उशीर.” “दोन लवकर.” “बरोबर.” ‘पुढे’ आणि ‘मागे’ आम्ही वापरत नाही, कारण वळण पुढे आहे की आपण पुढे आहोत, असा घोळ होतो. १९५५ च्या मिले मिलियात स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हे पत्रकार बसले होते. त्यांनी आधी रस्ता पालथा घालून केलेल्या नोंदी पाच मीटरहून लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवल्या होत्या, आणि इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू जाणार नाही म्हणून ते हाताच्या खुणांनी सूचना देत. मर्सिडीज ३०० एसएलआरने जवळजवळ १६०० किलोमीटर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले. मॉस यांचं नाव सगळे घेतात. मला त्या गुंडाळीचं कौतुक अधिक आहे.

चालवताना सगळ्यात मोठा मोह म्हणजे राहिलेला वेळ झटक्यात भरून काढणं. इथेही गणितच करा. ४५ च्या सरासरीवर असताना ५० ने चाललात तर प्रत्येक किलोमीटरला ८ सेकंद सुटतात. म्हणजे चार सेकंदांचा उशीर अर्ध्या किलोमीटरमध्ये भरून निघतो. ७० ने पळवायची काहीच गरज नसते. तसं केलं की पुढचं वळण चुकतं, ब्रेक तापतात आणि पलीकडे तुम्ही लवकर निघता. रस्ता बाकीच्यांचाही आहे आणि वाहतुकीचे नियम रॅलीतही तेच असतात. लांब चढ आला की छोट्या इंजिनाचा वेग पडणारच, म्हणून चढाच्या पायथ्याशी मी एक-दोन सेकंद लवकर असतो. त्याहून जास्त शिल्लक ठेवत नाही, कारण वेळ टिपणारा तिथेच बसलेला असू शकतो.

वळणाआधीच, गाडी सरळ असताना ब्रेक संपवा आणि गेअर खाली आणा. सिंक्रो नसलेल्या गेअरसाठी डबल डीक्लच शिकाच: क्लच दाबा, गेअर न्यूट्रलला, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच, मग खालचा गेअर. मधल्या झटक्याने गेअरबॉक्समधला लेशाफ्ट (आतला जोडदांडा) खालच्या गेअरला लागणाऱ्या वेगाला येतो आणि दात न कुरकुरता बसतात. झटका किती द्यायचा हे पुस्तकातून कळत नाही, कानाने कळतं. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर सराव करा. तिथे सिंक्रो असला तरी लय तीच, आणि चुकलं तरी नुकसान नाही.

उतारावर ज्या गेअरने चढला असता त्याच गेअरने उतरा. ड्रम तापला की फुगतो, आतून त्यावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या बुटांपासून दूर सरकतो आणि पेडल जास्त खाली जायला लागतं. बुटांवरच्या लायनरची पकडही घटते. पेडलवर पाय टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठाम दाबा, मग पूर्ण सोडा, म्हणजे ड्रमला निवायला उसंत मिळते.

टाइम कंट्रोलजवळ (वेळ नोंदवण्याच्या ठाण्याजवळ) रांगेत थांबलात की वेगळीच अडचण येते. वारा थांबतो, इंजिनाची उष्णता वर चढते, बॉनेटखालच्या पंपात पेट्रोल उकळतं आणि गाडी सुरू होत नाही. बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, पाच-दहा मिनिटं द्या. सारखा स्टार्टर मारून बॅटरी संपवू नका. डायनॅमोवाली गाडी कमी फेऱ्यांवर ती नीट भरूनही देत नाही.

शेवटची रेषा ओलांडली की लगेच कौतुक ऐकायला जाऊ नका. थांबल्या थांबल्या चारांपैकी प्रत्येक चाकाच्या मधोमध, ड्रमजवळ, हाताचा पंजा न टेकवता जवळ धरा. पुढची दोन्ही आपसांत सारखी गरम असायला हवीत, मागची दोन्ही आपसांत सारखी. एखादं जोडीदारापेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला व्हील सिलिंडर अडकलाय किंवा, मागचं चाक असेल तर, हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाहीये. चाकाचं नाव त्याच तक्त्याच्या मागे लिहा आणि पुढची नावनोंदणी करण्याआधी तो ड्रम उघडा.