प्रीमियरच्या इंटरव्ह्यूंमधून इंग्रजी शब्द कसे उचलायचे

कुठल्याही मोठ्या हॉलिवूड पिक्चरचं नाव आणि पुढे 'लंडन प्रीमियर' असं युट्यूबवर टाका, रेड कार्पेटवरच्या मुलाखतींचे ढीगभर व्हिडिओ येतील, दोन-तीन मिनिटांचे. माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं, व्याकरण पाठ होतं, लिहिताही यायचं, पण समोरचा भराभर बोलायला लागला की सगळं डोक्यावरून जायचं. पिक्चर बघून मला तेवढा फायदा झाला नाही जेवढा या छोट्या मुलाखतींनी झाला, आणि त्याचं कारण साधं आहे. लंडनचे प्रीमियर जिथे होतात त्या लेस्टर स्क्वेअर चौकात रेलिंगच्या पलीकडे चॅनेलवाले ओळीने माईक घेऊन उभे असतात, कलाकार एकेकापाशी मिनिट-दोन मिनिटं थांबत पुढे सरकतो, आणि सगळे थोड्याफार फरकाने तेच चार-पाच प्रश्न विचारतात. हा रोल का घेतलास, अमुक डिरेक्टरसोबत काम करताना कसं वाटलं, आज इथे येऊन कसं वाटतंय. म्हणजे प्रश्न आपल्याला आधीच माहीत असतो, फक्त उत्तराकडे कान द्यायचा.

तर पहिली गोष्ट, आज हा पिक्चर उद्या तो असं करू नका. एकच पिक्चर, एकच प्रीमियर, आणि त्यातल्या चार-पाच जणांच्या मुलाखती लागोपाठ बघा. तोच प्रश्न पाच जणांना विचारलेला असतो, त्यामुळे एकाच भावनेसाठी पाच वेगवेगळे शब्द एका बैठकीत मिळतात. एक म्हणतो 'थ्रिल्ड', दुसरी 'ऑनर्ड', तिसरा 'ओव्हरव्हेल्म्ड', कुणी तरी हमखास 'सरिअल' म्हणतं, म्हणजे हे खरंच घडतंय यावर विश्वास बसत नाहीये असं. हे शब्द डिक्शनरीत शेजारी शेजारी सापडले असते तर मला सगळे 'आनंद झाला' असेच वाटले असते, पण चेहरा बघितला की कळतं की 'ओव्हरव्हेल्म्ड'मध्ये आनंदाबरोबर थोडं भरून येणंही आहे.

पहिल्यांदा कॅप्शन बंद ठेवून ऐका, गर्दीचा आरडाओरडा असतो, काही कळणार नाही, चालेल. दुसऱ्यांदा स्पीड ०.७५ करा. तिसऱ्यांदा व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये ट्रान्सक्रिप्ट उघडून वाचत ऐका. फक्त ऑटोमॅटिक कॅप्शनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, गोंगाटात ते चुकीचं लिहितात, खास करून नावं.

आता वहीत काय लिहायचं. शब्द आणि समोर अर्थ असं लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. कारण खरी मजा मोठमोठ्या शब्दांत नाहीये, बारीकसारीक जोडण्यांमध्ये आहे. उदाहरणार्थ 'गेट टू'. 'आय गॉट टू वर्क विथ हर' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक प्रीमियरला ऐकू येईल. याचा अर्थ 'मला तिच्यासोबत काम करायची संधी मिळाली', आणि आपण हे कधीच असं बोलत नाही, आपण 'आय गॉट द ऑपॉर्च्युनिटी' असं लांबलचक काढतो. वाक्य लिहिलं की लगेच खाली आपलं स्वतःचं लिहा, 'या दिवाळीत आय गॉट टू मीट माय कझिन्स', असं मिक्स लिहिलं तरी चालेल.

'आय कुडन्ट बी हॅपिअर' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बिचारा खूश नाहीये. उलट आहे, याहून जास्त आनंद होऊच शकत नाही. 'आय कान्ट थँक देम इनफ' पण तसंच, कितीही आभार मानले तरी कमीच. मराठीत आपण म्हणतोच की 'कौतुक करावं तेवढं थोडंच', तसं धरलं की लक्षात राहतं.

मग 'सेट इन'. 'इट्स सेट इन पॅरिस' म्हणजे पॅरिसमध्ये सेट लावला नाही, गोष्ट पॅरिसमध्ये घडते, शूटिंग भले दुसऱ्या देशात झालेलं असो, त्याला 'शॉट इन' म्हणतात. आणि 'व्हॉट वॉज इट लाईक', इथे आपण सगळे 'हाऊ वॉज इट लाईक' म्हणतो आणि ते चूक आहे. एकतर 'हाऊ वॉज इट' नाहीतर 'व्हॉट वॉज इट लाईक'. मी ही चूक कॉलेजपासून करत होते, कुणी सांगितलं नाही, रिपोर्टरच्या तोंडून रोज ऐकून ऐकून सुटली.

'हू आर यू वेअरिंग' हेही ऐकाल. कपडे कुठल्या डिझायनरचे असा त्याचा अर्थ. नट्यांना फक्त एवढंच विचारतात म्हणून 'आस्क हर मोअर' अशी मोहीम निघाली होती, २०१५ च्या ऑस्करला अभिनेत्री रीझ विदरस्पूनने तिला जाहीर पाठिंबा दिला. मला ती मोहीम पटते, आणि शिकणाऱ्याच्याही सोयीची आहे, कारण कामाबद्दल विचारलं तरच बोलायला वाक्यं निघतात.

कधी कधी एका संध्याकाळीच शब्दांचा अख्खा गठ्ठा मिळतो. जुलै २०२३ मध्ये लंडनला ओपनहायमरचा प्रीमियर होता, अमेरिकेतल्या कलाकारांचा संप तोंडावर आला होता म्हणून रेड कार्पेट तासभर आधी उरकलं आणि कलाकार पिक्चर सुरू व्हायच्या आत निघून गेले. त्या दिवसाच्या बातम्या आणि मुलाखती बघा, 'स्ट्राईक', 'पिकेट' म्हणजे संपकऱ्यांची निदर्शनं, 'सॉलिडॅरिटी' म्हणजे एकजूट, 'वॉक आऊट' सगळं एका जागी आहे. वॉक आऊट आपल्याला पेपरमधल्या सभात्यागामुळे माहीत असतो, इथे तो प्रत्यक्ष घडताना दिसतो.

अ‍ॅक्सेंटचं म्हणाल तर सुरुवात रिपोर्टरपासून करा, ते स्पष्ट बोलतात. हाविएर बार्देम, पेनेलोपे क्रूझ या स्पॅनिश कलाकारांचं ऐका, त्यांचीही इंग्रजी मातृभाषा नाही आणि ते बिनधास्त बोलतात, मला त्याने फार धीर आला. ओपनहायमरमधला किलियन मर्फी आयर्लंडमधल्या कॉर्कचा, त्याचे उच्चार पचायला वेळ लागेल, त्याला नंतर ठेवा.

एक काळजी घ्या. रेड कार्पेटवर सगळं 'अमेझिंग', 'इन्क्रेडिबल', 'ऑब्सेस्ड' (म्हणजे अगदी वेड लागलंय) असतं, ते तिथेच ठीक. ऑफिसच्या मेलमध्ये 'आय अ‍ॅम ऑब्सेस्ड विथ युअर रिपोर्ट' लिहू नका.

आणि नुसतं ऐकून शब्द तोंडात बसत नाही, म्हणून शेवटी कुणाला तरी रिपोर्टर करा. माझी मामेबहीण लाटणं माईकसारखं धरून मला विचारायची, 'व्हॉट ड्रू यू टू धिस रोल', तू या रोलकडे कशी ओढली गेलीस, आणि मी माझ्या अकाउंटिंगच्या कामाबद्दल उत्तर द्यायचे, 'आय वॉज ड्रॉन टू' अशी सुरुवात करून. दोन महिन्यांनी नोकरीच्या इंटरव्ह्यूला समोरच्या बाईंनी जवळजवळ याच शब्दांत विचारलं, कारण नोकरीलाही ते लोक रोलच म्हणतात, आणि मी न अडखळता तीन वाक्यं बोलले.