दहावी-बारावीचे प्रवेश: खानदेशातल्या पालकांनो, या चुका टाळा

निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडे घरोघरी एकच ऐकू येतं, "मना पोर्‍या सायन्सले शे" (माझा मुलगा सायन्सला आहे). पुढचं बारावीनंतर पाहू! पण अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंग हातचं गेलंच. पीसीबीवर (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) फार्मसी, कृषी, नर्सिंग उरतं, तेही आधी ठरवलेलं बरं. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर दहावीनंतर थेट शासकीय तंत्रनिकेतन गाठता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आहे. 3 वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

अकरावीचा प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. म्हणून नुसतं भरायचं म्हणून पहिला नंबर भरू नका.

खरी फजिती कागदांवर होते. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागल्यावर धावपळ करून काही होत नाही. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जमातीला 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा, ओबीसींना 1967 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, तहसीलमधली कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, हे शोधायला महिने जातात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा कागद शोधा. नॉन-क्रिमिलेअरची (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत 31 मार्चला संपते, तीही पाहून ठेवा. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करा.

फी परवडणार नाही म्हणून मुलीला घरी बसवू नका. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून माफ आहे. मात्र प्रवेश कॅप (सरकारी केंद्रीभूत प्रवेश) फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. होस्टेल-मेसचा खर्च वेगळा.

पैसेवाली घरं हल्ली मुलांना पुण्या-मुंबईच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत धाडतात. दोन वर्षं, 6 विषय, जास्तीत जास्त 45 गुण. आयबीची पदविका मिळायला किमान 24 लागतात. शाळा चांगल्या असतात, पण विषय निवडताना नीट-जेईई विसरले जातात. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत. निकाल जुलैत येतो, त्यानंतर समकक्षतेचा (ही पदविका बारावीच्या बरोबरीची असल्याचा) दाखला काढायचा. तोवर इथल्या फेऱ्या थांबत नाहीत. परदेशीच जायचं पक्कं असेल तरच हा खटाटोप करावा, असं माझं मत.

आणि साध्या बीएस्सीसाठी पुण्यात खोली कशाला? जळगावचं मू. जे. (मूळजी जेठा) आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही कॉलेजं स्वायत्त आहेत. बहिणाबाई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पेंट, ऑइल, प्लास्टिक यांत बी.टेक. होतं, हे तर जळगावातल्या कित्येकांना ठाऊक नसतं. यंदाच्या कॅपच्या यादीत ते नाव शोधून बघा.