व्हिस्की ताडून बघताना बाटली लपवा

बाटली आणि किंमत दिसली की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. म्हणून सारख्या ग्लासांच्या बुडाला १, २, ३ अशा चिठ्ठ्या चिकटवा आणि ओतायचं काम दुसऱ्यावर सोपवा. प्रत्येकी १५ मिली पुरे. बर्फ नको, सोडा तर नाहीच.

आधी वास, मग छोटा घोट, मग चमच्याने चार थेंब पाणी टाकून पुन्हा. अमृत फ्यूजन ही व्हिस्की ५० टक्के अल्कोहोलची, तिच्यात पाण्याने पडणारा फरक चटकन कळतो.

धुरकट, म्हणजे धुराच्या वासाची व्हिस्की मात्र शेवटीच, हे ओतणाऱ्याला बजावून ठेवा. गोव्याच्या पॉल जॉन ब्रँडची धुरकट ‘बोल्ड’ आधी प्यायलात तर त्यांचीच बिनधुराची ‘ब्रिलियन्स’ नंतर पाणचट लागते.

ग्लासला भांड्यांच्या साबणाचा लिंबूवास राहिलाय का, तेही हुंगून घ्या. गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या.