श्वास मोजायचा, पण आजारी माणसाला कळू न देता

आजारी माणसाच्या घरी गेलं की ताप, नाडी, ऑक्सिजन असं सगळं कागदावर नीट लिहून ठेवलेलं असतं. श्वासाचा रकाना मात्र रिकामा, नाहीतर सकाळ-दुपार-संध्याकाळ सरसकट २०. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत की घोडबंदर रोडवरचे टॉवर, सगळीकडे हेच. फुप्फुसाचं दुखणं बळावू लागलं की पुष्कळदा ऑक्सिमीटरच्या आधी श्वासाचा वेग बदलतो. शरीर भराभर श्वास घेऊनच ऑक्सिजन काही काळ सांभाळून धरत असतं. त्यामुळे ‘९७ आहे, काळजी नाही’ एवढ्यावर थांबू नका.

सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईल घ्या. माणूस जिने चढून आला असेल तर दहा मिनिटं बसू द्या. बाळ रडत किंवा दूध पीत असेल तर थांबा.

आता अवघड पायरी. आपला श्वास कुणी मोजतंय हे त्या माणसाला कळता कामा नये. ही पायरी हातात बसायला मलाही बराच काळ लागला, आणि बहुतेक सल्ले नेमकं इथंच चुकीचं सांगतात. ‘छातीवर हात ठेवा’, ‘आरामात श्वास घ्यायला सांगा आणि मोजा’ हे तर मुळीच करू नका. असं केल्यावर येणारा आकडा आजाराचा नसतो, तुमच्या सूचनेचा असतो.

कारण श्वासावर मेंदूतल्या दोन ठिकाणांचा ताबा चालतो. मेंदूच्या तळाशी मस्तिष्कपुच्छात चेतापेशींचे काही गट दिवसरात्र श्वासाचा ठेका धरतात. त्यांचा आदेश मानेतल्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतांमधून श्वासपटलापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यापर्यंत पोचतो, श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं आणि हवा आत येते. वेग किती ठेवायचा हे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरतं. तो वाढला की मेंदूभोवतालच्या द्रवाची आम्लता वाढते आणि तिथले संवेदक श्वास वाढवायला लावतात. मानेतल्या धमन्यांपाशी ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे संवेदकही आहेत, पण ऑक्सिजन बराच उतरल्यावरच त्यांचा जोर दिसतो. हे सगळं झोपेतही आपोआप चालू असतं.

दुसरा ताबा प्रमस्तिष्काचा, म्हणजे मोठ्या मेंदूचा. बोलणं, गाणं, प्राणायाम, तलावात बुडी मारताना श्वास रोखणं त्याच्यामुळे जमतं. ‘आजी, तुमचा श्वास मोजते हं’ म्हटल्याबरोबर तो मधे पडतो. आजी सावरून बसतात, श्वास लांब आणि नीटनेटका होतो, आणि २८ असलेला आकडा १८ वर येऊ शकतो. त्यांनी हे मुद्दाम केलेलं नसतं.

म्हणून नाडीचं निमित्त करा. मनगट हातात घ्या, त्यांचा हात त्यांच्याच पोटावर अलगद टेकवा आणि ‘नाडी बघते’ एवढंच सांगा. नाडी खरोखर मोजा. ती मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर घड्याळावरच ठेवा. आता पोटाबरोबर त्यांचा हात वर-खाली होताना तुमच्या बोटांना जाणवेल. एकदा वर, एकदा खाली, मिळून एक श्वास. चेहऱ्याकडे रोखून पाहू नका. त्या बोलल्या तर ‘हो’ म्हणून गप्प राहा आणि मिनिट पुन्हा पहिल्यापासून धरा.

मिनिट पूर्ण साठ सेकंदांचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याच्या मी ठाम विरोधात आहे. एका श्वासाची चूक तिथे चारची होते. तान्ह्या बाळांत तर हा हिशेब साफ फसतो, कारण ती काही सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतात. बाळाचं झबलं वर करा आणि पोट पाहा. झोपलेलं असेल तर उत्तम.

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा वेग मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. तापातही वेग वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण त्यासाठी डॉक्टरकडे जाणं लांबवू नका.

मधुमेह असलेला माणूस खोकला नसताना खोल आणि भराभर श्वास घेत असेल, सोबत उलट्या किंवा ग्लानी असेल, तर रक्तातली आम्लता वाढलेली असू शकते. मस्तिष्कपुच्छ कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ती उतरवू पाहत असतं. अशा वेळी वाफ देत बसू नका, रुग्णालय गाठा. उलट, मॉर्फिनसारख्या औषधांनी तोच ठेका मंदावतो. असं औषध चालू असताना माणूस हाका मारून नीट जागा होत नसेल आणि श्वास १२ च्या बराच खाली असेल, तर तेही तातडीचंच.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा माणूस धाप लागून वाक्य पुरं करू शकत नसेल, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. एरवी आकड्याशेजारी वेळ, ताप आणि जागा की झोपलेला एवढं लिहा, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर हा कागद ऑक्सिमीटरच्या आकड्यांआधी पुढे करा.