एक किलवर म्हणजे किलवर नव्हे

ब्रिजची नवी पद्धत घेतली त्या पहिल्याच शनिवारी मी 'एक किलवर' बोलले आणि समोर बसलेले भाऊजी पास झाले. माझ्याकडे 20 पॉइंट, आणि किलवरची पानं दोन, सत्ती आणि दुर्री. डमी (भिडूची टेबलावर मांडलेली पानं) उघडली तर त्यांच्याकडे किलवरची तीन, तीही फुटकळ. तो डाव मी कसा खेळले ते विचारू नका. उठताना म्हणतात, "वहिनी, मला एक चित्र नव्हतं हो. शून्यावर काय बोलणार?"

तर नियम पहिला: भिडूचं एक किलवर पास करायचं नाही. शून्य असलं तरी नाही, आणि किलवरची सात पानं असली तरी नाही. ही बोली किलवरबद्दल काही सांगतच नाही. 'माझ्याकडे 16 किंवा जास्त पॉइंट आहेत, पानांची ठेवण कसलीही असेल', एवढाच तिचा अर्थ.

आमची जोडी थोडी विजोड आहे. मी सांगलीच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त, भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, त्यांचं पंपांचं दुकान. नवऱ्याला पत्त्यांचा तिटकारा, त्यामुळे घरात भिडू म्हणून दीरच उरले. नॅचरल पद्धत, म्हणजे जो रंग बोललात तोच हातात, ती खेळून कंटाळलो तेव्हा प्रिसिजन ही बोलीची पद्धत घेतली. जे धडपडून शिकलो ते इथे लिहिते. साधी बोली येते, एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1 हे पॉइंट मोजता येतात, इतकं मी धरून चालते. टेबलावर आम्हीही क्लब-स्पेडच म्हणतो, पण लिहायला बसलं की हाताला किलवर-इस्पिकच येतं.

कल्पना नवी नाही. 1925 मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम बसवणाऱ्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनेच एक किलवर ही जोरदार पानांची खूण म्हणून वापरायला सुरुवात केली. इटलीच्या ब्लू टीमने तिच्यावर जगज्जेतेपदं मिळवली. आम्ही खेळतो ते प्रिसिजन मात्र सी. सी. वेई यांचं. शांघायमध्ये जन्मलेला, जहाजांच्या धंद्यातला हा माणूस. त्याची पद्धत घेऊन तैवानचा संघ 1969 मध्ये रिओला बर्म्युडा बोलच्या, म्हणजे ब्रिजच्या जागतिक अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत गेला, आणि पुढच्या वर्षी स्टॉकहोमलाही. दोन्ही वेळा हरले, पण पद्धत जगभर झाली.

शिकवणारे सगळे एक किलवरपासून सुरुवात करतात. मी म्हणते, तिथून करू नका. 16 च्या वरची पानं दहा वेळांत जेमतेम एकदा येतात. उरलेल्या नऊ वेळा तुम्ही पास तरी असता, नाहीतर दुसरं काही उघडता. प्रिसिजनची खरी कमाई त्या 'दुसऱ्या काही'त आहे. जोरदार पानं जवळजवळ सगळी एका बोलीत कोंबल्यामुळे बाकीच्या ओपनिंगना (पहिल्या बोलींना) वरून झाकण बसतं. मी एक इस्पिक बोलले की भाऊजींना तिथेच कळतं, वहिनींकडे 11 ते 15, सोळावा पॉइंट नाही.

त्यामुळे आधी ही यादी पाठ करा:

एक बदाम, एक इस्पिक: 11 ते 15, त्या रंगाची निदान पाच पानं.
एक नो ट्रम्प (हुकूम नसलेली बोली): 13 ते 15, समतोल पानं.
दोन किलवर: 11 ते 15, किलवरची सहा पानं. पाच असली तर सोबत बदामाची किंवा इस्पिकची चार हवीत.
दोन चौकट: 11 ते 15, चौकटचं एक पान किंवा तेही नाही, बाकी तीन रंगांत पसरलेली पानं.
दोन बदाम, दोन इस्पिक: नेहमीचे कमजोर, सहा पानांचे.
दोन नो ट्रम्प: 22-23, समतोल.
एक चौकट: 11 ते 15, आणि वरच्या कशातच न बसणारं सगळं.

झाकणाचा फायदा कसा होतो ते बघा. मी एक इस्पिक उघडते, भाऊजी थेट चार इस्पिक. त्यांच्याकडे काय असेल? एकदा हे होतं:

इस्पिक: राजा, 8, 6, 5, 2
बदाम: 7
चौकट: राणी, 9, 6, 4, 2
किलवर: 8, 3

पाच पॉइंट. आणि दुसऱ्या एका शनिवारी हे:

इस्पिक: राजा, 8, 5
बदाम: एक्का, गुलाम, 7, 2
चौकट: राणी, 9, 4
किलवर: एक्का, 8, 3

चौदा पॉइंट. माझे फार तर पंधरा, म्हणजे दोघांचे मिळून 29. अशा सपाट पानांवर स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) शोधायला जाण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ गेम (बोनस देणारी बोली, इथे दहा हातांची). समोरच्यांना, म्हणजे विरुद्ध जोडीला, दोन्ही वेळा एकच बोली ऐकू येते. आपण मध्ये पडून काही वाचवावं, की डबल करून वसूल करावं, याचा त्यांना पत्ता लागत नाही. नॅचरलमध्ये दुसऱ्या पानांवर अशी उडी मारता येत नाही, कारण ओपनरकडे 19 ही असू शकतात.

एक चौकट ही या पद्धतीची माळ्यावरची खोली. ठेवायला कुठे जागा नाही ते तिथे. इस्पिक राजा, 7, 3. बदाम एक्का, 9, 4, 2. चौकट राणी, 6. किलवर राजा, 10, 8, 5 अशी बारा पॉइंटांची पानं आली, तर एक नो ट्रम्पला एक पॉइंट कमी, पाच पानांचा रंग नाही, म्हणून एक चौकट. चौकटची दोनच पानं आहेत, हे भिडूने लक्षात ठेवायचं आणि उगाच चौकट वर चढवत न्यायची नाही. दोन चौकटबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. वर्षात दोन-तीनदा येते आणि तेवढ्यात अर्थ विसरलेला असतो. पण काढून टाकली तर इस्पिक चार, बदाम चार, चौकट एक, किलवर चार अशी पानं कुठे घालणार? म्हणून ठेवली आहे. भिडूला नेमकी ठेवण विचारायची असेल तर तो दोन नो ट्रम्प बोलतो.

हे सगळं निदान महिनाभर खेळून अंगवळणी पडलं, की मग एक किलवरकडे या.

एक किलवरला भिडूचं उत्तर ठरतं ते एका प्रश्नावर: आठ पॉइंट आहेत का? नसतील तर एक चौकट. चौकटशी संबंध नाही, 'सात किंवा कमी' एवढंच. असतील तर पाच पानांचा रंग सांगायचा: एक बदाम, एक इस्पिक, दोन किलवर, दोन चौकट. पाच पानांचा रंग नसला आणि पानं समतोल असली तर नो ट्रम्प: एकचा 8 ते 10, दोनचा 11 ते 13. आठ पॉइंटांचं कुठलंही उत्तर आलं की गेमच्या आत कुणी थांबायचं नाही.

ही शेवटची अट शिकणाऱ्याला जाचक वाटते, पण आराम तिच्यातच आहे. हा डाव पहा. माझी पानं:

इस्पिक: एक्का, राजा, गुलाम, 7, 4
बदाम: एक्का, 5
चौकट: राजा, राणी, 8, 3
किलवर: राजा, 6

भाऊजींची:

इस्पिक: राणी, 9, 3
बदाम: राजा, राणी, 8, 6, 2
चौकट: एक्का, 4
किलवर: 9, 7, 5

मी एक किलवर, ते एक बदाम. मी एक इस्पिक, ते दोन इस्पिक. नॅचरलमध्ये दोन इस्पिक म्हणजे बिचारा, कसाबसा दिलेला आधार. इथे तेच दोन इस्पिक भक्कम आहेत. गेमच्या आत थांबायचं नाही हे दोघांना माहीत, तेव्हा तीन पानांचा आधार अंगणातच सांगून टाकला, छपरावर चढायची गरज पडली नाही. मी चार नो ट्रम्प टाकून एक्के विचारले, त्यांनी पाच चौकट म्हणजे एक एक्का सांगितला. एकच एक्का बाहेर, म्हणून सहा इस्पिक. हुकमाचे पाच हात, बदामाचे तीन, चौकटचे तीन आणि डमीत एक चौकट मारून बारावा. किलवरचा एक्का तेवढा दिला.

उत्तर एक चौकट आलं तर उत्साह आवरायचा. एक किलवर, एक चौकट, मग माझं एक बदाम किंवा एक इस्पिक म्हणजे पाच पानं आणि साधी सोळा-सतरापासून वीस-एकवीसपर्यंत. यावर भिडू पास होऊ शकतो. एक नो ट्रम्प म्हणजे 16 ते 18, दोन नो ट्रम्प म्हणजे 19 ते 21. दोनवर उडी मारून रंग सांगितला तर 22 च्या वर, आणि त्यावर पास नाही.

आता खरं दुखणं. एक किलवर म्हणजे हात दाखवून अवलक्षण. 'आमच्याकडे जोर आहे' असं आपणच ओरडून सांगितलं, आणि रंग एकही सांगितला नाही. समोरचे गप्प बसत नाहीत. आठ पॉइंट आणि एक लांब रंग घेऊन ते मध्ये घुसतात, कारण आपल्या बोलाचालीची जागा खायची असते. प्रिसिजन सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात.

आमचाही असाच एक डाव गेला. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त), ते नव्हेत. माझ्याकडे:

इस्पिक: 5
बदाम: एक्का, राजा, राणी, 8, 4
चौकट: एक्का, 7, 3
किलवर: राजा, राणी, 9, 3

मी एक किलवर. डावीकडून दोन इस्पिक. भाऊजी पास. उजवीकडून तीन इस्पिक. मी विचार केला, पास म्हणजे भिडूकडे दुष्काळ, चार बदाम बोलून डबल खाल्लं तर? पास केलं. ते दोन हात खाली गेले, आम्हाला 100 मिळाले. आणि भाऊजींनी पानं टाकली तेव्हा त्यात बदामाची गुलामासकट तीन पानं, चौकटचे राजा-राणी, किलवरचा गुलाम. सात पॉइंट. चार बदामाचे दहा हात ताटात वाढलेले होते, 620. चूक त्यांची नव्हती. सात पॉइंटवर डबल करायचं की पास, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

त्या रात्री दुकानाच्या बिलबुकाच्या मागे लिहिलं, ते आजही चालतं. समोरच्याने दोन इस्पिकपर्यंत काहीही रंग सांगितला तर:

पास: 0 ते 4.
डबल: 5 ते 7, पानं कशीही. हे दंडाचं डबल नव्हे.
नवा रंग: 8 च्या वर, पाच पानं, गेमपर्यंत जायचं.
नो ट्रम्प: 8 च्या वर, त्यांचा रंग अडवता येतो.
त्यांचाच रंग: 8 च्या वर, पण अडवता येत नाही आणि सांगण्यासारखा रंगही नाही.

आणि त्यांनी नुसतं डबल केलं तर पास 0 ते 4, एक चौकट 5 ते 7, बाकी जसंच्या तसं. जागा गेली नाही, उलट एक पायरी जास्त मिळाली. समोरून रंग आला तर तो एकच आहे की दोन वेगळे, हे विचारून घ्यायला लाजू नका. पुष्कळ जोड्या एक किलवरविरुद्ध डबल म्हणजे बदाम-इस्पिक आणि एक नो ट्रम्प म्हणजे किलवर-चौकट असं खेळतात.

इतकं झालं की थांबा. आधार, एक्के-राजे, हुकूम हे पायरीपायरीने विचारणाऱ्या अल्फा-बीटा-गॅमा बोल्या आहेत, वाचायला फार छान. आम्ही एकदा वापरल्या आणि सात चौकटला पोचलो, चौकटचा एक्का समोरच्याच्या हातात. त्यानंतर नाही.

सरावासाठी आमची युक्ती सांगते. नेहमीचा कॅट वाटत बसलात तर एक किलवर यायला संध्याकाळ जाते. चारही रंगांच्या दुर्री, तिर्री, चौकी काढून टाका. उरली 40 पानं, आणि पॉइंटही 40. दोघांना तेरा-तेरा वाटा, उरलेली चौदा बाजूला. सरासरी तेरा-तेरा पॉइंट येतात आणि तासाभरात आठ-दहा वेळा तरी एक किलवर होतं. बोली संपली की पानं उताणी मांडायची आणि मगच भांडायचं. पहिल्या दहा मिनिटांत फक्त बोली करा, खेळू नका. आम्ही चहा होईपर्यंत हेच करतो. ब्रिज बेस ऑनलाइनवर बोलीच्या सरावाची टेबलं आहेत, तीही चांगली, पण तिथे भाऊजींचा चेहरा दिसत नाही.

स्पर्धेला जाणार असाल तर सिस्टिम कार्ड (आपल्या बोल्यांचे अर्थ लिहिलेलं) भरून दोन प्रती न्या. जागतिक संघटनेच्या वर्गवारीत कायम जोरदार असणारं एक किलवर 'निळ्या' गटात मोडतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. एक किलवर, उत्तराचं एक चौकट, ओपनिंगचं दोन चौकट, आणि दोन पानांवर उघडलेलं एक चौकटसुद्धा, हे सगळं अलर्ट करावं लागतं, म्हणजे बोलीचा अर्थ वेगळा आहे हे विरुद्ध जोडीच्या लक्षात आणून द्यावं लागतं. अलर्ट बोलणाऱ्याने करायचा नसतो, त्याच्या भिडूने करायचा असतो. मी एक किलवर टाकलं की भाऊजी आधी अलर्टचं निळं कार्ड काढून टेबलावर ठेवतात, मग पानांकडे बघतात. त्या कार्डाला हात लागल्यापासून ते एकदाही पास झालेले नाहीत.