तिसरी घंटा आणि पहिला स्वर : आंतरराष्ट्रीय संगीतशिक्षण परिषदेचं उद्घाटन कसं उभं करावं

मी पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. निवृत्तीनंतर संगीतशिक्षकांच्या तीन आंतरराष्ट्रीय परिषदांच्या उद्घाटनाची जबाबदारी माझ्याकडे आली. आता नवीन मंडळी फोन करून विचारतात, "बाई, कुठून सुरुवात करायची?" त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात निमंत्रणपत्रिकेपासून करू नका, सभागृहापासून करा. ज्या वेळी उद्घाटन आहे त्याच वेळी, एसी चालू ठेवून, मंचावरचे सगळे दिवे लावून, एक तानपुरा घेऊन तासभर तिथे बसा. थंडीत तारा आक्रसतात आणि स्वर चढतो. दिव्यांच्या उष्णतेत तोच स्वर उतरतो. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, एसीच्या कोरड्या हवेत ताणली जाते आणि चढते. ग्रीनरूममध्ये लावून आणलेली वाद्यं मंचावर पाच मिनिटांत बिघडतात ती यामुळेच. म्हणून वाद्यं किमान पाऊण तास आधी मंचावर, त्याच दिव्यांखाली ठेवायची आणि तिथेच लावायची.

समोर बसलेले तीनशे पाहुणे स्वतः कानाने जगणारे आहेत, हे एक क्षणही विसरू नका. आरास साधी असली तरी चालेल. तानपुरा उतरलेला चालणार नाही.

तानपुरे खरेच हवेत. यंत्रातला तानपुरा रोजच्या रियाजाला ठीक, पण जगभरच्या शिक्षकांसमोर तो ठेवू नका. मी तिन्ही वेळा मिरजेहून आणवले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेच्या कारागिराचा हात. निवेदनात हे एका वाक्यात सांगाच, लोक नंतर येऊन वाद्याला हात लावून पाहतात. आणताना तारा थोड्या सैल करून, गवसणीत घालून, भोपळ्याखाली गादी ठेवून आणा. गाडीच्या डिकीत तानपुऱ्यावर दुसरं काहीही ठेवू देऊ नका.

आता वेळेचं. उद्घाटन पन्नास मिनिटांत संपलं पाहिजे आणि मुलांचं गाणं पहिल्या पंधरा मिनिटांत झालं पाहिजे. याबाबत मी कोणाचंही ऐकत नाही, कारण एका परिषदेत मी ते ऐकलं होतं. भाषणं आधी, मुलं शेवटी, असं ठरलं. माझी बावीस मुलं विंगेत पावणेदोन तास उभी होती. घसे कोरडे, पाय गार. वर्षभर सुरात गाणारी ती मुलं त्या दिवशी अर्ध्या स्वराने उतरली आणि त्यांना स्वतःलाच ते कळलं. एक मुलगी परत येताना बसमध्ये रडत होती. संगीतशिक्षणाच्या परिषदेत मुलांना कार्यक्रमातली मोकळी जागा भरायला वापरणं मला मान्य नाही. परिषद त्यांच्यासाठी आहे.

मी लावते तो क्रम असा. आपल्या नाटकासारख्या तीन घंटा द्या. परदेशी पाहुण्यांना त्या कळत नाहीत, पण तिसऱ्या घंटेनंतर अंधार झाला की सगळे आपोआप गप्प होतात. मग दीड मिनिट फक्त दोन तानपुरे. निवेदन नाही, पडद्यावर चित्रफीत नाही. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक द्या आणि ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला आदल्या दिवशी चहा पाजून समजावा, की एको नको आणि खर्ज, म्हणजे सर्वात खालचा सूर, दाबायचा नाही. जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारी तारांची गुंजन, नीट उघडली असेल, घोडीवरचा दोरा बरोबर जागी असेल, तर त्या दीड मिनिटात कोणी वाजवत नसलेला गंधारही सभागृहात ऐकू येतो. तो ऐकून एका पाहुण्या बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलेलं मी पाहिलं आहे. स्वागत ते तिथेच झालं.

त्यानंतर दीपप्रज्वलन. समईत तेल घाला, तूप एसीत थिजतं. वाती आदल्या रात्री भिजवा, टोकाला कापराची पूड लावा म्हणजे पहिल्या काडीला पेट घेतील. एसीचा झोत समईवर येत नाही ना आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजणार नाही ना, हे सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून ठेवा. पादत्राणं काढायची आहेत हे पाहुण्यांना आधी सांगा आणि विंगेत एक खुर्ची ठेवा. लेसचे बूट उभ्याने काढताना वयस्कर माणसाची फार ओढाताण होते. पाचच माणसांना बोलवा. त्यातली एक व्यक्ती विद्यार्थी असावी.

मग मुलं. काय गायचं, यावर मी सर्वात जास्त विचार करते. संध्याकाळचं उद्घाटन असेल तर भूप. सा रे ग प ध, पाचच स्वर. आपण मुलांना जे राग सुरुवातीला शिकवतो त्यात भूप असतो, आणि हंगेरीच्या कोडाय यांच्या किंवा जर्मनीच्या ऑर्फ यांच्या पद्धतीने शिकवणारे शिक्षकही लहान मुलांना पाच स्वरांतूनच पुढे नेतात. चीन, जपान, स्कॉटलंड इथल्या कितीतरी लोकगीतांत हेच पाच स्वर सापडतात. मुलांनी आरोह घेतला की समोरच्या चेहऱ्यांवर ओळख दिसते. मग गंधारावर थांबून, धैवतावरून पंचमाला येऊन मुलं भूप दाखवायला लागतात, तेव्हा पाहुण्यांना कळतं की स्वर ओळखीचे असले तरी चाल वेगळी आहे. सकाळचं उद्घाटन असेल तर त्याच पाच स्वरांचा देसकार घ्या. तिथे वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, धैवत; भूपात गंधार. मुलं देसकार गाता गाता भूपात घसरतात, म्हणून निदान दोन महिने तालीम हवी.

पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ती पेटीची पट्टी, मुलांच्या गळ्याची. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना मी काळी चार ते काळी पाच यांतली देते आणि षड्जाखाली जाणारी बंदिश घेत नाही. साथीदाराच्या सोयीसाठी मुलांना काळी एकमध्ये बसवलेलं मी पाहिलं आहे. ते करू नका. मंचावर जाड सतरंजी हवी, अनवाणी पायांना फरशी गार लागते. गाण्याआधी कोमट पाणी. संख्या पंचवीसच्या आत.

एक गोष्ट निवेदकाकडून पाठ करून घ्या : आपला 'सा' म्हणजे ठरलेली पट्टी नव्हे. फ्रान्स, इटली, स्पेनकडच्या शिक्षकांसाठी 'डो', म्हणजे त्यांच्या सरगमीतला पहिला स्वर, हा कायम तोच असतो, त्यामुळे ते बुचकळ्यात पडतात. फिरता 'डो' शिकवणाऱ्यांना मात्र आपला षड्ज लगेच उमगतो. ही दोन वाक्यं गाण्याच्या आधी हवीत. आणखी एक सांगायला लावा : आवडलं तर मध्येच दाद द्या. पाश्चात्त्य मैफलीत गप्प बसायची सवय झालेली माणसं त्या परवानगीची वाट पाहत असतात.

आता माझा सर्वात आवडता भाग. सगळ्या सभागृहाला त्रितालात बसवा. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उलटा उघडायचा. मधल्या मात्रा बोटांवर. मिनिटाला ऐंशी मात्रांची लय ठेवली की एक आवर्तन बारा सेकंदांत होतं, तीन मिनिटांत पंधरा आवर्तनं. पहिली चार नुसती मोजून, पुढची चार तबल्याच्या ठेक्याबरोबर, मग मुलं त्यावर गातील. हे शिकवायला मोठ्या कलाकाराला उभं करू नका, सातवीतल्या मुलीला करा. खालीला तीनशे हात एकदम नि:शब्द उघडतात आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकत्र येतात, तेव्हा मंचावरच्या मुलांचा आवाज आपोआप मोठा होतो.

भाषणांबद्दल थोडक्यात. स्वागताचं चार मिनिटं, बीजभाषण बारा. स्वागतात इतिहास सांगायचा मोह होतो, तर तीनच गोष्टी सांगा : १९०१ साली पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि १९५३ साली ब्रुसेल्समध्ये संगीतशिक्षकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. गाणं कसं शिकवावं यावर एकत्र बसून बोलण्याची आपली परंपरा किती जुनी आहे हे पाहुण्यांना एवढ्यावरून कळतं. सत्कार शाल-श्रीफळाने करायचा असेल तर नारळ लहान घ्या, विमानाने परत जायचंय त्यांना.

नावांच्या उच्चारांची हयगय नको. प्रत्येक पाहुण्याकडून स्वतःच्या नावाचा उच्चार फोनवर ध्वनिमुद्रित करून मागवा आणि निवेदकाकडून तो देवनागरीत लिहून घ्या. स्वरांच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या आपण माणसाचं नाव बेसूर घेऊ नये.

राष्ट्रगीत शेवटी, मुलांनीच, वाद्यांशिवाय. बावन्न सेकंद. पट्टी आधीच्या गाण्याची ठेवू नका. गीत मुलांच्या गळ्याला खालीही आणि वरही झेपतं का, हे तालमीत तपासून सूर ठरवा, आणि तो सूर तानपुऱ्यावरच्या मुलीने हळूच द्यावा.

मग मुलांना पाहुण्यांच्या आधी जेवायला बसवा. ती जेवत असताना दोघांनी मंचावर थांबायचं : तारा सैल करायच्या, भोपळे कोरड्या फडक्याने पुसायचे, गवसण्या चढवायच्या.