सहा व्होल्टची बुलेट बारा व्होल्टवर कशी न्यावी

रात्री घाटात सहा व्होल्टच्या बुलेटवाल्याला आपला हेडलाइट चालू आहे की नाही हे काचेसमोर हात धरून पाहावं लागतं. पार्किंगचे दिवे, हॉर्न आणि ब्रेकलाइट एकदम लागले की अँमीटरचा, म्हणजे बॅटरीत प्रवाह येतोय की जातोय ते दाखवणाऱ्या मापकाचा, काटा डावीकडे आडवा होतो आणि सकाळी किक मारून पाय दुखायला लागतात. मग कोणीतरी सल्ला देतो, "अल्टरनेटर गेलाय, नवा किट टाका." बहुतेक वेळा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या फिरण्यावर वीज करणारा भाग, गेलेला नसतो. तो तसाच ठेवून गाडी बारा व्होल्टवर नेता येते. खर्च होतो तो रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), बॅटरी, इग्निशन कॉइल (ठिणगीची), हॉर्न आणि बल्बांवर.

इथे लिहिलं आहे ते जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या ३५० बुलेटबद्दल, म्हणजे लुकास पद्धतीचा तीन वायरींचा अल्टरनेटर असलेल्या गाडीबद्दल. साठच्या दशकातल्या बऱ्याच ट्रायम्फ, बीएसए गाड्यांनाही हेच लागू पडतं. जावा-येझदीचा डायनामो वेगळ्या जातीचा, त्याला यातलं काही लावू नका.

हे जमतं कसं

या अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात. रोटर जितका जोरात फिरेल तितका व्होल्टेज वाढतो, पण त्याच वेळी कॉइलचा स्वतःचा अडसरही वाढतो. त्यामुळे प्रवाह एका मर्यादेपुढे जात नाही. म्हणजे हा अल्टरनेटर मुळात 'सहा व्होल्टचा' नाहीच, त्याला सहा व्होल्टला बांधून ठेवते ती बॅटरी. तेवढाच प्रवाह बारा व्होल्टच्या बॅटरीत गेला तर वॅट जवळजवळ दुप्पट मिळतात.

जुन्या पद्धतीत रेग्युलेटर नव्हताच. दिवसा, दिवे बंद असताना, हेडलाइटचा स्विच काही कॉइल कामातून काढायचा आणि दिवा लावला की पुन्हा जोडायचा. बॅटरी उकळू नये म्हणून केलेली ही जुळवणी. पन्नास वर्षांच्या स्विचवर ती अवलंबून असते, हीच तिची खोट.

तारांमधली गळतीही बघा. सहा व्होल्टला ३० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडांत अर्धा व्होल्ट गेला तर आठ टक्के व्होल्टेज गेला, पण उजेड त्याहून फार वेगाने घटतो, साधारण पाव भाग कमी होतो. बारा व्होल्टला त्याच वॅटसाठी प्रवाह निम्मा, त्याच जोडात गळतं ते पाव व्होल्ट, म्हणजे दोन टक्के.

याची किंमतही आहे. आयडलिंगला अल्टरनेटर बारा व्होल्टपर्यंत पोचत नाही. सिग्नलला दिवा लावून बराच वेळ उभं राहिलात तर बॅटरी उतरणारच. पुणे-मुंबईच्या कोंडीत रोज अडकणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

आधी तपासणी, मग खरेदी

पहिली गोष्ट अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या एका टोकाची गाडीच्या धातूशी जोडणी. बॅटरीचा अर्थ चासीला जिथे बसतो तो बोल्ट काढा, रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत घासा, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (धातूची कडी) लावा. इंजिनवरून एक जाड वायर थेट बॅटरीच्या अर्थ टोकाला घ्या. एवढ्यावरच कित्येक गाड्यांचा दिवा सुधारतो आणि बाकीचं काम पुढच्या वर्षावर ढकलता येतं.

आता अल्टरनेटर. डाव्या बाजूला इंजिनमधून बाहेर येणाऱ्या तीन वायरी सोडवा. लुकासचे रंग असे: हिरवी-पांढरी, हिरवी-पिवळी, हिरवी-काळी. त्याआधीच्या गाड्यांत फिकट, मध्यम आणि गडद हिरवी. पण तेलात मुरून तिन्हींचा रंग एकच झालेला असतो, आणि मधल्या काळात कोणी काय जोडलं असेल सांगता येत नाही. म्हणून रंगावर विसंबू नका, बल्बने ठरवा.

बारा व्होल्टचा ३५/३५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या आणि दोन्ही फिलामेंट समांतर जोडा. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी एकत्र करून बल्बच्या एका टोकाला, तिसरी दुसऱ्या टोकाला. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, कारण इंजिन आता तिच्यावरच चालणार आहे. गाडी सुरू करा, थोडी रेस द्या. अशा तीन जुळण्या होतात, तिन्ही करून पाहा. ज्या जुळणीत बल्ब सगळ्यांत लख्ख पेटतो ती आपली. अल्टरनेटर मूळचा आणि धड असेल तर पिवळी-काळी एकत्र आणि पांढरी वेगळी असंच उत्तर येतं. एकत्र केलेल्या दोन वायरींवर लगेच चिकटपट्टीची खूण करा.

एकाही जुळणीत बल्ब धड पेटला नाही तर प्रायमरी केस, म्हणजे इंजिनच्या डाव्या बाजूचं अल्टरनेटरवरचं झाकण, उघडावी लागेल. डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढा, खाली ट्रे ठेवा. बुलेटची ही केस मधल्या एकाच नटावर बसते, नट सुटला की तेलासकट हातात येते. आत स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर भागाच्या) कॉइल जळून काळ्या झाल्यात का, वायर बाहेर पडते तिथे इन्सुलेशन फाटलंय का ते पाहा. मग रोटर आणि स्टेटरमधली फट. चहूबाजूंनी साधारण ०.२ मिलिमीटर हवी. फट मोजायचं लोखंडी फीलर गेज चुंबकाला चिकटतं, म्हणून तेवढ्याच जाडीची प्लॅस्टिकची पट्टी वापरा. एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर स्टेटरचे नट ढिले करून तो मधोमध आणा आणि पुन्हा कसा. रोटरचा मधला भाग हलत असेल तर रोटर बाद, त्यावर वेल्डिंगचे प्रयोग करू नका. केस बसवताना रबरी सील नवीन घाला, नाहीतर घराच्या फरशीवर रोज तेलाचं गोल पडेल.

दुकानात काय मागायचं

रेग्युलेटर-रेक्टिफायरच्या (रेक्टिफायर अल्टरनेटरच्या एसीचा बॅटरीसाठी डीसी करतो) खरेदीत लोक सगळ्यांत जास्त फसतात. साध्या कम्युटर गाड्यांचा चार पिनांचा रेग्युलेटर स्वस्त मिळतो, पण त्यातले बरेचसे हाफ वेव्ह, म्हणजे एसीची अर्धीच लाट वापरणारे, असतात आणि त्यांना कॉइलचं एक टोक अर्थ केलेलं लागतं. आपल्या अल्टरनेटरच्या कॉइलची दोन्ही टोकं मोकळी आहेत. तेव्हा 'बारा व्होल्ट, फुल वेव्ह, सिंगल फेज' असं स्पष्ट सांगा. तो मिळत नसेल तर तीन पिवळ्या वायरींचा थ्री फेजही चालतो, त्यातली एक पिवळी टेप मारून मोकळी सोडायची.

बाकीची यादी: किमान ५ अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी, बारा व्होल्टची इग्निशन कॉइल, हॉर्न, हेडलाइटचा ३५/३५ वॅटचा बल्ब, टेललाइट, पार्किंग आणि स्पीडोमीटरचे बल्ब, इंडिकेटर असतील तर फ्लॅशर, दोन फ्यूज होल्डर. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आणि त्यांचा काँडेन्सर तेच राहतात. जुनी सहा व्होल्टची इग्निशन कॉइल बारावर चालवायचा मोह टाळा, ती तापते आणि पॉइंट जाळते.

जोडणी

बॅटरी काढून ठेवा. गाडीचा अर्थ प्लस आहे की मायनस हे आत्ताच पाहून लिहून ठेवा. मूळ इंग्लंडच्या गाड्यांत प्लस अर्थ असायचा. तो तसाच ठेवायला हरकत नाही, पण मग खालच्या सूचना उलट होतात.

जुना रेक्टिफायर, एकावर एक चकत्या रचलेला, काढून टाका. अल्टरनेटरच्या वायरी जिथे हेडलाइटच्या स्विचकडे जायच्या तिथून सोडवा आणि स्विचकडची टोकं नीट बंद करा. स्विचला आता फक्त दिव्यांचं काम. ज्या गाडीच्या किल्लीवर 'ईएमजी' (इमर्जन्सी, बॅटरी उतरली असताना गाडी सुरू करायची) अशी जागा आहे तिथे ती इथून पुढे निरुपयोगी.

खूण केलेल्या दोन वायरी एकत्र सोल्डर करून रेग्युलेटरच्या एका पिवळ्याला जोडा, तिसरी दुसऱ्या पिवळ्याला. यांत उलटसुलट झालं तरी फरक पडत नाही. लाल वायर १५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीच्या प्लसला, काळी थेट मायनसला, चासीच्या भरवशावर नको. अर्थ प्लस असेल तर लाल सरळ आणि फ्यूज काळीवर. इग्निशन कॉइलच्या दोन तारांचीही तेव्हा अदलाबदल करा.

बॅटरीतून गाडीकडे जाणारी वायर दुसऱ्या फ्यूजमधून, मग अँमीटर, मग किल्ली. अशा जोडणीत अँमीटर फक्त खर्च दाखवतो, काटा कायम डावीकडे झुकलेला दिसेल. मला तो सौदा पटतो, कारण चार्जिंगचा सगळा प्रवाह जुन्या अँमीटरच्या ढिल्या स्क्रूंमधून नेण्यात अर्थ नाही.

रेग्युलेटर वारा लागेल अशा जागी धातूवर घट्ट बसवा. टूलबॉक्सच्या आत लपवला की छान दिसतं आणि उन्हाळ्यात जळतो.

चालू करून बघताना

बंद गाडीत चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवेल. सुरू करा. आयडलिंगला आकडा थोडा घसरला तरी घाबरू नका. रेस दिल्यावर तो १३.५ च्या वर जाऊन १४.४ च्या जवळपास थांबायला हवा. १५ ओलांडून वर जात राहिला तर ताबडतोब बंद करा, रेग्युलेटर खराब आहे किंवा बॅटरीचा जोड सुटला आहे. बॅटरी काढून गाडी चालवायची नाही, एक फेरीसुद्धा. मग हेडलाइट लावून तेच मोजा. मधल्या रेसला १३ च्या वर टिकलं म्हणजे अल्टरनेटर भार पेलतोय.

भाराचा हिशेब सोपा आहे: हेडलाइट ३५ वॅट, मागचा ५, इग्निशनला सरासरी २५ च्या आसपास. एवढं या अल्टरनेटरला झेपतं. ६०/५५ चा हॅलोजन झेपत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगू दे. वॅट वाचवायचे असतील तर मागचा आणि पार्किंगचे दिवे एलईडी करा. हेडलाइटमध्ये मात्र बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. जुना रिफ्लेक्टर फिलामेंटसाठी घडवलेला असतो, त्यात एलईडीचा झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा गाडी थांबवून रेग्युलेटरच्या प्लगला आणि सोल्डर केलेल्या जोडाला हात लावून पाहा. रेग्युलेटर कोमट असणं ठीक, पण जोड किंवा प्लग तापत असेल तर तो उघडून पुन्हा करा. काढलेले सहा व्होल्टचे भाग भंगारात देऊ नका. पुढेमागे गाडी विकलीत तर मूळ रूपाचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक तेच आधी मागतो.